'अँटिस्टॅटिक होज'ला मराठीत काय म्हणायचं?

सुतारपक्षी
मित्राचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. भुसा ओढणाऱ्या मशीनचा चार इंची पाइप जागोजागी फाटला होता, चिकटपट्टी गुंडाळून गुंडाळून पाइपापेक्षा पट्टीच जास्त दिसायला लागली, म्हणून आता नवा घ्यायचाय. मशीनसोबतचं इंग्रजी सूचनापत्र मराठीत करून भिंतीवर लावायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'स्थितिकरोधी नळी वापरावी व तिच्या तारेचे भूसंपर्कन करावे.' पोरांनी वाचलं. एकाने विचारलं, "काका, परिस्थिती खराब असली तर वापरायची का ही नळी?" दुसरा म्हणाला, "नळी कुठाय? आपल्याकडे पाइप आहे." मित्राने कागद काढून टाकला.
तर होज, स्टॅटिक (भुसा घासून पाइपावर साचणारी, झटका देणारी वीज) आणि अर्थिंग (ती वीज तारेने जमिनीत सोडणं), या तिन्हींना भिंतीवर चालतील असे शब्द सुचवा.

घाटावरचा
पाइप लिहा, विषय संपला. शेतीच्या दुकानात सक्शन पाइप मिळतो, डिलिव्हरी पाइप मिळतो, आणि विहिरीतल्या टोकाला बसतो तो फुटबॉल. फूट-व्हॉल्व्हचा फुटबॉल करताना आमच्या बापजाद्यांनी कुठला कोश उघडला नव्हता. नळी म्हणाल तर आमच्याकडे ती फक्त मटणात असते.

अनुस्वार
घाटावरचे दादा, तुमच्या घरी गॅसच्या शेगडीला काय लावलंय? गॅसचा पाइप म्हणता की गॅसची नळी? नळी हा चांगला चालता शब्द आहे. 'नल' म्हणजे बोरू, पोकळ गवत, त्यावरून नळ, नळी, नळा, नळकांडं. एवढं गोकुळ घरात असताना पाइप दत्तक कशाला?

घाटावरचा
ताई, आमच्याकडे गॅसचा पाइपच म्हणतात. खरंच.

खटपट्या
मला दोन्ही शब्द हवेत, कारण वस्तू दोन आहेत. पाइप म्हणजे न वाकणारा, पीव्हीसीचा किंवा पत्र्याचा. होज म्हणजे वाकणारी. वर्कशॉपात हा फरक शब्दांचा नाही, हवेचा आहे. वाकणाऱ्या नळीला आतून वळ्या असतात, हवा तिथे अडखळते, आणि तेवढ्याच लांबीच्या सरळ पाइपापेक्षा ओढ बरीच कमी होते. म्हणून मशीनपर्यंत कडक पाइप न्यावा आणि शेवटचा हात-दोन हात तेवढी नळी, तीही आतून जितकी गुळगुळीत मिळेल तितकी. सगळीकडे एकच शब्द लिहिलात तर पोरं वीस फूट वळीदार नळी आणून जोडतील आणि भुसा रंध्याखालीच राहील.
आणि घाटावरचे, तो हिरवा सक्शन पाइप स्वस्त म्हणून कुणी भुशाला लावतं. आतून गुळगुळीत असतो हे खरं. पण त्यातला वेढा कडक प्लॅस्टिकचाच असतो, तारेचा नाही. अर्थिंगची वायर जोडणार कशाला? शिवाय वळवताना जीव जातो.

मोरपंखी
होज हा शब्द आपल्या 'हौज'वरूनच गेलेला आहे ना? हौजातून पाणी काढायची ती होज.

हिमकण
नाही हो. हौज अरबी, होज जर्मन कुळातला. जर्मनीत आजही विजारीला जवळपास हाच शब्द आहे. मूळ अर्थ पायावर चढवायचं कापड. नळी पायमोज्यासारखी दिसते म्हणून होज.
मी अमेरिकेत, मिनेसोटात असते. इथे जानेवारीत घरातली हीटरची हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला की चटका. माझी मुलगी म्हणते, "आई, दार चावलं." स्टॅटिकला याहून चांगला मराठी शब्द मला सापडलेला नाही.

खटपट्या
म्हणूनच हा त्रास नागपूर-पुण्याच्या थंडीत जास्त आणि रत्नागिरीच्या पावसाळ्यात जवळपास शून्य. हवेत ओल असली की प्लॅस्टिकवर साचलेलं निघून जातं.

अनुस्वार
"साचलेलं" म्हणजे काय साचलेलं? प्रभार म्हणा. शाळेच्या पुस्तकात प्रभार आहे, स्थितिक विद्युतही आहे. सातवीतली मुलं सहज म्हणतात.

घाटावरचा
सातवीनंतर ती मुलं आमच्याकडे कामाला येतात आणि "पाइपाला करंट येतोय" म्हणतात.

अनुस्वार
ते चूक आहे. करंट म्हणजे वाहणारी वीज. ही साचलेली.

बारामती ब्लूज
साचलेली असती तर झटका बसला असता का? बसतो त्या क्षणी ती वाहतेच की. पोरं बरोबर आहेत, पुस्तक चूक आहे. 'स्थिर विद्युत' तर त्याहून विनोदी. स्थिर असती तर आमच्या मिस्त्रीने हातातला राउटर (लाकूड कोरायचं मशीन) फेकला नसता.

खटपट्या
राउटर फेकणं हीच खरी भीती. घरगुती वर्कशॉपात पाइपातल्या ठिणगीने स्फोट होईल म्हणून लोक घाबरतात. मोठ्या कारखान्यात, जिथे बारीक धूळ भरपूर हवेत असते, तिथे ती काळजी घ्यावीच लागते. पण आपल्यासारख्यांकडे अचानक झटका बसून हात पात्याकडे जाणं जास्त संभवतं. आगीचं म्हणाल तर लाकडातला खिळा पात्यावर घासून लाल झाला आणि ओढला जाऊन भुशाच्या पिशवीत पडला, तर ती भीती स्टॅटिकपेक्षा मोठी.

तृणपाते
एक राहिलेला शब्द. अंबर हा राळेचा खडा घासला की गवत, कस्पटं ओढतो. ग्रीकांनी त्याला इलेक्ट्रॉन म्हटलं, तिथून इलेक्ट्रिसिटी. संस्कृतात तोच तृणमणी. फारसीत कहरुबा, म्हणजे 'काड्या लुटणारा', आणि मराठीत त्याचा झाला केरबा. म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीला बाहेरून भुसा चिकटतो, त्या गुणाचं नाव आपल्याकडे आधीपासून आहे. 'केरबा-वीज' म्हणा. अँटिस्टॅटिक म्हणजे 'केरबामुक्त'.

घाटावरचा
आमच्या भावकीत दोन केरबा आहेत. मुक्त कुणापासून व्हायचं?

मोरपंखी
ते केरबा केरावरून! मुलं जगत नसली की जन्मल्यावर केरात ठेवून उचलायचे आणि केरबा, केरू, दगडू, धोंडू असं नाव ठेवायचे. आमच्या आजोळी होते एक केरबामामा, नव्वदीपर्यंत जगले.

तृणपाते
दोन्ही वेगळे आहेत. हा फारसी, तो केरातला.

मोरपंखी
पण केर चिकटतोय म्हणजे केरबाच झाला ना? माझी व्युत्पत्ती तुमच्यापेक्षा सरळ आहे.

अनुस्वार
अवांतर: वर सगळे भुसा म्हणताहेत. संस्कृत 'बुस' म्हणजे धान्याची टरफलं, त्यावरून भूस, भुसा. करवतीतून पडतो तो भुगा म्हणावा. रंध्यातून निघतात त्या तर साली.

बारामती ब्लूज
ताई, वखारीत जाऊन "लाकडाचा भुगा द्या" म्हणा. वाळवीने काय खाल्लं म्हणून विचारतील.

सुतारपक्षी
केरबामामांना नमस्कार. पण माझ्या भिंतीचं काय? काल दुकानात गेलो. दुकानदाराने काळी नळी दाखवली, म्हणाला अँटिस्टॅटिक. मल्टिमीटर लावला, काहीच आकडा दाखवेना. फसवतोय का?

खटपट्या
तेवढ्यावरून ठरवू नका. साधा मल्टिमीटर वीस-चाळीस मेगाओहमच्या पुढे मोजत नाही, आणि अशा नळीचा रोध (म्हणजे ती वीज किती अडवते, तो ओहममध्ये मोजतात) त्याच्या कितीतरी वर असूनही ती स्टॅटिक हळूहळू सोडू शकते. उलट काळा रंग हाही पुरावा नाही, रंग कुणीही काळा करतो. माहितीपत्रकातला रोधाचा आकडा मागा. दहाचा नववा घात ओहमपेक्षा कमी असेल तर ठीक. आणि जाण्याआधी मशीनच्या तोंडाचं माप घ्या. शंभर मिलिमीटर आणि चार इंच यांत दीड मिलिमीटरचा फरक आहे, आणि आतलं माप की बाहेरचं हे दुकानदार सांगत नाही, विचारावं लागतं.
साधी तारेची नळी घेतलीत तर दोन्ही टोकांना प्लॅस्टिक सोलून तार दोन-तीन सेंटिमीटर मोकळी करा, आत वळवा, धातूच्या तोंडाला टेकवा आणि वरून क्लिप आवळा. तोंड प्लॅस्टिकचं असेल तर तारेपासून मशीनच्या सांगाड्यापर्यंत वेगळी वायर, आणि मशीनला अर्थिंग आहे ना ते आधी बघा. यानेही प्लॅस्टिकवरचं सगळं जात नाही, कारण प्लॅस्टिकमधून वीज तारेपर्यंत पोचतच नाही. तारेच्या जवळपासचं तेवढं निघतं. झटके मात्र कमी होतात.

अनुस्वार
या एवढ्या मजकुराला 'भूसंपर्कन' हा एक शब्द पुरला असता. महापौर, दिनांक हे सावरकरांचे शब्द आज आपण सहज वापरतो की नाही?

घाटावरचा
दिनांकाने कुणाला झटका बसत नाही, ताई. ज्या शब्दाने जीव वाचायचा तो पोराला वाचता आला पाहिजे. आमचा वायरमन म्हणतो, "ह्या बोर्डाला अर्थ नाही." ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

हिमकण
शब्दचर्चेत एवढं कुणी कधी स्पष्ट बोललं नव्हतं.

सुतारपक्षी
शेवटचं कळवतो. पोरांनी माझी वाट बघितली नाही. नवी नळी बसवली, तार सोलून जोडली आणि भिंतीवर खडूने लिहिलं: 'या पाइपला अर्थ आहे. काढू नये.' मित्र म्हणतो, राहू दे.

अनुस्वार
'पाइपाला' हवं. सामान्यरूप झालं पाहिजे.

घाटावरचा
मी वर 'पाइपाला' लिहिलं तेव्हा तुम्ही तो करंट चूक म्हणालात.

अनुस्वार
करंट चूकच होता. पाइपाला बरोबर होतं.

मोरपंखी
आणि 'टाइप'चं काय? 'टाइपाला' म्हणतो का आपण?