चार अठ्ठावन्न (अनुभव धागा)

सोयाबीनवाला:
परवा सोयाबीन काढणं चालू होतं. डोक्यात भुसा, वरून ढगं दाटलेली, सगळ्यांची घाई. तेवढ्यात थ्रेशरवाल्यानंच मशीन बंद केली. म्हटलं पट्टा तुटला का? त्यानं घड्याळ दाखवलं. आश्विन वद्य पंचमी, ४ वाजून ५८ मिनिटं. बायांनी टोपली खाली ठेवली, पदर सारखे केले न उभ्या राहिल्या.

तुकडोजी महाराज १९६८ साली याच वेळेला गेले हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत. मला मात्र बाबा आठवले. ज्या साली परतीच्या पावसानं गंजी भिजली, शेंगांना कोंब फुटले, त्या सालीही ते भगवी टोपी घालून मोझरीला महाराजांच्या आश्रमात गेले. आई लय चिडली होती. परत आले ते पाय धुता धुताच हरभऱ्याच्या बियाण्याचं बोलायला लागले. तुमच्याकडचे असे दिवस लिहा. महाराजांचेच पाहिजेत असं नाही.

खारोडी:
जयगुरू. आम्ही तेव्हा एसटीत होतो. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. एक आजोबा फोनवर हॅलो हॅलो करत होते, नातीनं फोनच हिसकला 😄

संत्रीबाग:
ते सारं ठीक, सोयाबीनले भाव काय भेटला?

सोयाबीनवाला:
ओल जास्त म्हणून कापला. बोलूच नका भाऊ.

चुलीपाशी:
आमच्याकडं अखाजीले, म्हंजे अक्षय तृतीयेले, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. हे गेले त्या साली मी अडून बसली. म्हटलं, पिणारा राह्यला नाही, कोणासाठी भरू? सासूबाई म्हणे, "भर माय, पुढं पेरणी हाये." बस इतकंच. घागर भरली, वर आंबा ठेवला, चिंचोणी केली. फोडणी जळून रायली, मंग लिहिते.

रिकामटेकडा:
आमचे एक काका अखाजीला पित्तर म्हणून, म्हणजे पितरांच्या नावानं जेवायला, ठरलेले. एकाच दिवशी तीन घरी जेवले, चौथ्या घरी नुसते पाय धुवून घेतले.

निळी पहाट:
आजी दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायची. १९५६ ला ती आईच्या कडेवर होती, तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. वाचता येत नव्हतं तरी दर खेपेला भाकरीच्या गाठोड्यात एक पुस्तक घेऊन यायची. "वाचणारं येईन घरात," म्हणायची. पहिली वाचली आत्यानं. ती आता शाळेत शिकवते.

खराटा:
डोळे मिटून उभं राहण्यावर माझा फार विश्वास नाही. २० डिसेंबरला आमच्या गावात गाडगेबाबांच्या नावानं झाडू निघतो, नाल्या उपसतात. बाबा १९५६ ला वलगावजवळ पेढीच्या काठी गेले. असं आठवावं माणसाला.

सोयाबीनवाला:
तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतही गावसफाई आहेच की. आमची मंडळी सकाळी झाडतात न संध्याकाळी प्रार्थनेला बसतात.

खराटा:
मग नाली तुंबलेली कशी? 😀

खारोडी:
@चुलीपाशी ताई, चिंचोणी कशी करता? आमची कडूसर लागते.

चुलीपाशी:
चिंचेचा कोळ, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. चिचोके न टरफलं नीट काढा, त्यानं कडू होते. प्रमाण विचारू नका, हातानं टाकते. न हो, पेरलं त्या साली. भासऱ्यांनी (मोठ्या दिरांनी) तिफन धरली. कपाशी गेली, तूर बरी झाली.

संत्रीबाग:
तूर कोणती होती ताई, मारोती का?