कॉम्प्युटरने आखलेला ट्रम्पेट आणि कारागिराचा कान

ध्वनिलहरी:
काल इथे कुणी लिहिलं की ट्रम्पेटचा आकार कॉम्प्युटरला ठरवू देणं हा कारागिराच्या कानाचा अपमान आहे. वाचून राहवलं नाही. ट्रम्पेटमधली हवा ठराविक वारंवारतांनाच जोरात घुमते. त्या सगळ्या एका साखळीत, म्हणजे एकाच मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट अशा बसल्या तरच वाद्य सुरात, आणि साध्या नळीत त्या बसत नाहीत. भोंगा, म्हणजे पुढचं पसरट तोंड, खालच्या वर ओढतो, ओठांना लावायचा माउथपीस वरच्या खाली आणतो, तरी सगळ्यात खालची बाहेरच राहते. आता नळी एका जागी केसभर रुंद करा. ज्या सुराचा दाब तिथे जास्त तो उतरतो, ज्याचा हवेचा वेग जास्त तो चढतो. एकाला औषध दिलं की दुसरा आजारी! हे हाताने साधायला पिढ्या गेल्या. भोंग्यातल्या हवेच्या लहरींचं समीकरण वेबस्टरने १९१९ मध्ये छापलं. पुढे स्वीडनमध्ये नोरलँड आणि व्हिएन्नात काउझेल यांनी उलटं गणित मांडलं: हवे ते सूर आधी सांगा, नळीची जागोजागची त्रिज्या कॉम्प्युटर शोधेल. यात अपमान कसला?

जुना बॅन्डवाला:
ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. ट्रम्पेट ओठांनी वाजतो. तुमचं गणित नळीचं, ओठ कुठायत त्यात? जोरात फुंकल्यावर ट्रॉम्बोनच्या, म्हणजे ट्रम्पेटच्या सरकत्या नळीच्या भाऊबंदाच्या नळीत धक्का-तरंग (दाबाची एकदम उसळलेली लाट) तयार होतो, हे १९९६ मध्ये तुमच्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं. तुमच्या साध्या समीकरणात तो येतो का? आणि पहिला-तिसरा पिस्टन (बोटाने दाबायची बटणं) एकदम दाबला की सूर हवा त्याहून चढा लागतो, त्याचं काय? स्लाइड, म्हणजे सरकती नळी, आम्हालाच बोटाने ओढावी लागते. मी मेरठच्या जाली कोठीतून, बॅन्डची वाद्यं बनवणाऱ्यांच्या वस्तीतून, ट्रम्पेट आणला होता, हाताने ठोकलेला. पत्रा कुठे पातळ करायचा हे त्या माणसाच्या हाताला कळायचं. खरा आवाज त्या पत्र्यात असतो.

ध्वनिलहरी:
पत्र्यात नाही हो, पोकळीत! इंग्लंडमध्ये रिचर्ड स्मिथने वेगवेगळ्या जाडीच्या भोंग्यांचे ट्रॉम्बोन चांगल्या वादकांना न दाखवता वाजवायला दिले होते. त्यांना फरक ओळखता आला नाही. पत्र्याची ही श्रद्धा आता सोडा.

मडगावकर:
श्रद्धा म्हणून कुणाला उडवून लावू नका. तुमच्याच काउझेलने अमेरिकेतल्या मूरसोबत भोंग्याभोवती वाळू भरून कंपनं थांबवली, तेव्हा आवाजात मोजण्याजोगा फरक पडला. वाजवणारे ओठही कृत्रिम होते, म्हणजे वादकाच्या मनाचा खेळ नव्हता.

ध्वनिलहरी:
मोजण्याजोगा आणि ऐकू येण्याजोगा यात फरक आहे.

जुना बॅन्डवाला:
चाळीस वर्षं भोंग्याशेजारी कान माझा होता, तुमचा नाही. मला ऐकू काय येतं ते तुम्ही सांगणार?

वरातीतला:
पत्र्यावर खुशाल भांडा. आमच्या गल्लीत गेल्या मोसमात एकाही वरातीत ट्रम्पेट नव्हता, नुसत्या डीजेच्या भिंती. काकांनी बॅन्ड मोडला, वाद्यं भंगारात वजनावर गेली. आकार सुधारून वाजवणार कोण आणि कुठे? यावर कुणीच बोलत नाही.

शाळेचा बॅन्ड:
मी बोलते. मी शाळेत मुलांना शिकवते. आम्हाला स्वस्तातले ट्रम्पेट मिळाले, त्यांचा पाचवा घुमणारा सूर इतका खाली की मुलं ओठ आवळून वर ढकलायची. चांगला कान असलेली एक मुलगी आपल्यालाच जमत नाही म्हणून सोडून गेली. दोष नळीत होता. पत्रा, वाळू यांचं मला काही नाही. महागड्या वाद्याला कारागीर मिळतो, या मुलांच्या वाद्याकडे कोण बघतो? निदान लीडपाइपचा, म्हणजे माउथपीसनंतरच्या पहिल्या नळीचा आकार गणिताने नीट आखून द्या, पुढे कारखान्यात कुणीही ओढो.

मडगावकर:
हे पटलं. भोंग्याआधी लीडपाइपलाच हात घालावा, तिथे थोडक्या बदलात बरंच साधतं.

जुना बॅन्डवाला:
बाई, मुलांच्या वाद्यासाठी वापरा, माझी हरकत नाही. तेवढ्यापुरतंच हं. पण कॉम्प्युटरने आकार दिला तरी पहिला नमुना वाजवून पास-नापास करायला वादकच बसवा. आणि ध्वनिलहरी, पहिल्या-तिसऱ्या पिस्टनचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.