‘टेस’चे कोणते रूपांतर पाहावे?

प्रश्न

थॉमस हार्डी यांची ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ (१८९१) नुकतीच वाचून झाली आणि आता तिचे एखादे चांगले रूपांतर पाहण्याची इच्छा आहे. गरीब नायिका टेस आणि तिच्या मागे लागलेला धनिक तरुण अ‍ॅलेक यांच्यात चेसच्या अरण्यातील रात्री नेमके काय घडले ते हार्डी दाखवत नाहीत. अ‍ॅलेक झोपलेल्या टेसजवळ वाकतो आणि पुढचे प्रकरण काही आठवड्यांनंतर सुरू होते. कॅमेऱ्याला हे मौन पाळता आले आहे का? शिवाय फ्लिंटकोम-अ‍ॅशच्या उजाड शेतांतील टेसची मजुरी कोणत्या रूपांतरात नीट उतरली आहे?

पहिला प्रतिसाद

रोमान पोलान्स्की यांचा १९७९ सालचा ‘टेस’ आधी पाहावा. अमेरिकेतील खटल्यातून पळून आलेल्या या दिग्दर्शकाला इंग्लंडमधून प्रत्यार्पण होण्याचा धोका होता, त्यामुळे हार्डींच्या कादंबऱ्यांचे इंग्लंडमधील वेसेक्स नॉर्मंडी आणि ब्रिटनीत उभे राहिले आणि स्टोनहेंजचे प्राचीन शिळावर्तुळसुद्धा फ्रान्समध्येच बांधावे लागले. छायाचित्रकार जेफ्री अन्सवर्थ यांचे चित्रणादरम्यान निधन झाले व उरलेले काम गिस्लँ क्लोके यांनी पूर्ण केले. ऑस्कर दोघांना मिळून देण्यात आले. वाफेवरच्या मळणी यंत्रापाशी राबणारी टेसच्या भूमिकेतील नास्तास्या किन्स्की पाहिली की आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेल. मात्र या चित्रपटात दारिद्र्यही देखणे दिसते, आणि ते मला खटकते. कादंबरीच्या शेवटी तुरुंगावर चढणारे काळे निशाणही येथे नाही. स्टोनहेंजपाशी कथा थांबते आणि टेसच्या फाशीची वार्ता पडद्यावरील अक्षरांतून कळते.

दुसरा प्रतिसाद

चेसच्या प्रसंगाविषयी थोडे सविस्तर लिहितो. ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकात कादंबरी क्रमशः छापली गेली तेव्हा हा प्रसंग काढून त्या जागी खोट्या लग्नाची कथा घालावी लागली होती. टेसचा पुढे नवरा होणाऱ्या एंजलने गवळणींना उचलून पाण्यापलीकडे नेणेही संपादकांना रुचले नाही, म्हणून तेथे ढकलगाडी आली. पुस्तकात हार्डींनी प्रसंग परत आणला, पण तेथील मौन केवळ सोवळेपणाचे नाही. त्या क्षणी निवेदक विचारतो की टेसचा रक्षक देवदूत कोठे होता, आणि तिच्याच सरदार पूर्वजांनी शेतकऱ्यांच्या मुलींवर असेच, किंबहुना अधिक निर्दय, अत्याचार केले असतील याची आठवण करून देतो. हा संतप्त, हळहळणारा आवाज कथेतून वजा झाला की उरते ते फक्त धुके आणि दोन नट, आणि मग सक्ती किती व संमती किती याचा निवाडा दिग्दर्शकाला स्वतःच करावा लागतो. त्यामुळे कोणत्याही रूपांतराकडून कादंबरीतील मौनाची अपेक्षा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सावकाश उलगडणारी कथा हवी असेल तर डेव्हिड निकोल्स यांनी लिहिलेली बीबीसीची चार भागांची मालिका (२००८) पाहावी. तीत जेमा आर्टरटन टेसच्या भूमिकेत आहे.

तिसरा प्रतिसाद

भारतीय रूपांतरांचाही विचार व्हावा. ‘दुल्हन एक रात की’ (१९६७) मध्ये नूतन होत्या. मायकेल विंटरबॉटम यांच्या ‘तृष्णा’ने (२०११) कथा राजस्थान आणि मुंबईत आणली व अ‍ॅलेक आणि एंजल यांचे एकच पात्र केले. कल्पना धाडसी आहे, कारण प्रेम करणारा आणि उपभोगणारा पुरुष तेथे एकच ठरतो. परंतु लग्नाच्या रात्री स्वतःचा पूर्वेतिहास क्षमा करवून घेणाऱ्या आणि टेसला तीच क्षमा नाकारणाऱ्या एंजलचा दुटप्पीपणा त्यामुळे हरवतो, आणि माझ्या दृष्टीने अ‍ॅलेकच्या पापापेक्षाही टेसला उद्ध्वस्त करणारी गोष्ट तीच आहे.