पालखीच्या वाटेवरचे दोन-तीन मुक्काम पायी चालायचे असतील तर: आपले अनुभव लिहा

शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पोहोचायला सुमारे एक महिना लागतो. ज्याच्या घरी पेरणी तोंडावर आलेली असते त्याला एवढे दिवस देणे शक्य नसते, म्हणून आमच्या बाळापूर तालुक्यातील पुष्कळ माणसे दोन-तीन मुक्कामांपुरतीच चालतात आणि परततात. एवढ्याशा चालण्याला नियोजन कसले, असे मलाही वाटत होते. पूर्ण वारी करणाऱ्याचे मुक्काम, जेवण आणि रस्ता ठरलेला असतो. आपल्याला मात्र कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचे आणि तिथून घर कसे गाठायचे, हे सारे स्वतःच ठरवावे लागते, हे मला पहिल्याच वर्षी कळले.

पहिला प्रश्न तारखेचा. आषाढी एकादशी 2023 मध्ये 29 जूनला, 2024 मध्ये 17 जुलैला आणि 2025 मध्ये 6 जुलैला होती, आणि प्रस्थानही त्या हिशेबाने मागेपुढे होते. एकादशी लवकर आली की आपल्याकडचा टप्पा मे अखेरीच्या उन्हात पडतो. उशिरा आली की मृग लागलेला असतो, आणि मग पेरणी आणि चालणे यांत एकाची निवड करावी लागते. मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबून कोणीही रजा टाकू नये.

पहिल्यांदा चालणाऱ्याला मी शेगाव ते अकोला हाच तुकडा सुचवीन. वाटेत नागझरी, पारस आणि गायगाव ही गावे लागतात आणि तिन्ही ठिकाणी रेल्वे स्थानक आहे, त्यामुळे पाय बोलू लागले तर चालणे मध्येच सोडता येते. मात्र या लहान स्थानकांवर मोजक्याच गाड्या थांबतात. मी वेळापत्रक न पाहता पारसपर्यंत गेलो आणि परतीसाठी फलाटावर चार तास बसून राहिलो.

आपण कोणता तुकडा निवडला आणि काय चुकले, ते सविस्तर लिहावे.

मेडशीजवळच्या एका गावातून

आम्ही पाच जणींनी पातूर ते मेडशी हा टप्पा निवडला. येथे रस्ता पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून वाशीमच्या पठाराकडे चढतो. घाट आहे, दोन्ही बाजूंना जंगल आहे आणि मधल्या भागात वस्ती विरळ आहे. गर्दी नको म्हणून आम्ही पालखी गेल्यानंतर एका दिवसाने निघालो, आणि तीच आमची सर्वांत मोठी चूक ठरली. पालखीच्या दिवशी या रस्त्यावर पाणी, चहा, केळी, काय हवे ते हातात आणून देतात. दुसऱ्या दिवशी मंडप उठलेले होते आणि मागे फक्त पत्रावळी उरल्या होत्या. प्रत्येकीजवळ एकेक लिटरची बाटली होती, ती घाट अर्धा चढण्याआधीच संपली. शेवटी एका ट्रकचालकाने आपल्या कॅनमधून पाणी दिले.

दुसरी गोष्ट, जी पुरुषांच्या लिखाणात सहसा येत नाही, ती स्वच्छतागृहाची. आम्ही निघण्यापूर्वी पातूरच्या बसस्थानकावर जाऊन आलो आणि नंतर लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी कमी प्यायलो. उन्हात असे करणे धोक्याचे आहे. एकीला चक्कर आली तेव्हा ते लक्षात आले. आता आम्ही पालखीच्याच दिवशी, पहाटे चारला, टॉर्च घेऊन निघतो आणि एकीच्या पिशवीत जुने लुगडे आडोशासाठी ठेवतो. परतीची चिंता नसते, कारण 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धेच तिकीट आहे.

खामगाव

पालखीच्या परतीच्या वाटेवरचा शेवटचा टप्पा, म्हणजे खामगाव ते शेगाव, अवघा 16-17 किलोमीटरचा असल्याने सगळे तोच निवडतात. चालण्यात काही अडचण नाही आणि शिदोरीही लागत नाही. खरी परीक्षा शेगावात पोहोचल्यावर होते, कारण त्या दिवशी बस आणि रेल्वे दोन्हींत उभे राहायलाही जागा नसते. रात्री तिथेच थांबण्याची तयारी ठेवूनच निघावे. (कचोरीसाठीही रांग असते, पण ती तक्रार नव्हे.)

रिसोड, औषधांचे दुकान

पालखीच्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पाय नव्या बुटांनी सोललेले असतात. बूट एक महिना आधी घ्यावेत, संध्याकाळी घ्यावेत आणि किंचित मोठे घ्यावेत, कारण चालून पाय सुजतात. मोज्यांचा कोरडा जोड जवळ असावा. फोड सुईने फोडू नये. त्याच्याभोवती मऊ पट्टी लावावी. मधुमेह असलेल्यांनी तर रोज मुक्कामी तळवे पाहिलेच पाहिजेत, कारण त्यांना जखम झाल्याचे अनेकदा कळतच नाही. मागे एका म्हातारीने दुकानाच्या पायरीवर बसलेल्या तरुणाला सुनावले होते, "बुटं काहाड, पाय धू, मंग जेव." याहून चांगला सल्ला माझ्या कपाटात नाही.

मालेगाव तालुका (जि. वाशीम), निवृत्त शिक्षक

मी वेगळे मत मांडतो. हीच वाट मी मार्गशीर्षात, पालखीशिवाय, शिरपूर जैन ते रिसोड अशी चाललो. तूर फुललेली होती, कापसाची वेचणी चालू होती आणि दुपारीही चालता येत होते. शिरपूरला जानगीर महाराजांचे संस्थान आणि अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर ही दोन्ही ठिकाणे निवांत पाहता आली, जे पालखीच्या गर्दीत मला कधी जमले नव्हते. मात्र अशा वेळी कोणी आपली वाट पाहत नसते, तेव्हा मुक्कामाचे आधी विचारून ठेवावे, भाकरी आणि ठेचा बांधून घ्यावा, आणि अंधार पडण्यापूर्वी गाव गाठावे. महामार्गावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने चालावे. पालखीत वाहने आपल्यासाठी थांबतात, एरवी थांबत नाहीत.

धागाकर्ता

मेडशीच्या ताईंचे वाचून मी बेत बदलला. यंदा पातूरहून पालखीबरोबरच निघेन, दोन लिटर पाणी स्वतःचे ठेवेन आणि मेडशीला थांबेन. तिथून संध्याकाळी अकोल्याकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता असते, हे कोणी खात्रीने सांगू शकेल काय?