मदत हवी आहे: छोट्या स्टेजवर ग्राउल वाढवला की मॉनिटर शिट्टी मारतो

पाच जणांचा डेथ मेटल बँड, पबमधलं साधारण १० बाय १२ फुटांचं स्टेज, ड्रम्स गायकाच्या थेट पाठीमागे. दोन्ही गिटार ड्रॉप सी (सर्वात जाड तार खाली सी स्वरापर्यंत उतरवलेली), बास त्याच्या एक सप्तक खाली. माइक एसएम५८, म्हणजे कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त घेणारा, मागचा कापणारा).

गायक ग्राउल (घशातून काढलेला खोल, गुरगुरता आवाज) करताना माइकची जाळी मुठीत धरतो. जाळीच्या मागच्या फटी झाकल्या की कार्डिऑइड माइक जवळपास सगळ्या दिशांनी ऐकू लागतो, आणि ज्या मागच्या बाजूने मॉनिटरचा (गायकाला त्याचाच आवाज ऐकवणाऱ्या स्टेजवरच्या स्पीकरचा) आवाज कापला जायला हवा तिथूनच तो आत येतो. पकड खाली दांड्यावर नेली की फीडबॅक (ती शिट्टी) थांबतो, पण ग्राउलचा तो भरीव, दबलेला पोतही जातो. गायकाला तो हवाच आहे, आणि माझ्या मते त्याचं बरोबर आहे.

एवढं केलेलं आहे: व्होकलला १२० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर), मॉनिटर बरोबर माइकच्या पाठीमागे, मॉनिटरमध्ये फक्त व्होकल, गिटारचे कॅबिनेट तिरपे करून गुडघ्याच्या वर उचललेले. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारा) काढून टाकला, कारण मेकअप गेन दिला, म्हणजे दाबलेला आवाज परत वाढवला, की दोन ओळींच्या मधल्या शांततेत झांजा आणि मॉनिटर दोन्ही वर येतात.

आता प्रश्न. पकड दांड्यावर ठेवून तो पोत ईक्यूने (फ्रिक्वेन्सीनुसार आवाज कमी-जास्त करून) मिळतो का? कुठली फ्रिक्वेन्सी उचलता, कुठली कापता? गेट (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की माइक बंद करणारा) लावला तर लांबवलेल्या ग्राउलची शेपूट कापली जाते. रिलीज (गेट बंद व्हायला लागणारा वेळ) किती ठेवता? की सरळ वायर्ड इन-इअर (कानात घालायचा मॉनिटर) घेऊन वेज, म्हणजे स्टेजवरचा मॉनिटर, काढूनच टाकावा? पबच्या मिक्सरला ऑक्स (मॉनिटरसाठी वेगळा मिक्स पाठवणारं आउटपुट) एकच आहे, हे लक्षात घेऊन सांगा.