ई-सायकल ‘मोटार वाहनां’त धरायची का?

शाहूपुरी, सातारा: डोंगरवाटेच्या तोंडाशी ‘मोटार वाहनांस प्रवेश बंद’ अशी पाटी असेल, तर ई-सायकल त्यात येते का? आमच्या ग्रुपात यावरून दोन तट पडलेत.

कराड: बोलीत तर सरळ आहे. ‘गाडीवर आलो’ म्हणजे स्कूटर नाहीतर मोटारसायकल. सायकलला कुणी गाडी म्हणत नाही. आणि आमच्याकडं नुसतं ‘मोटर’ म्हटलं की विहिरीवरचीच! विजेची दुचाकी ती ‘चार्जिंगची गाडी’, पण पायडल दिसलं की ‘बॅटरीची सायकल’. पायडल हीच खूण.

वाई: कायदा पायडल बघत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम २(२८): यंत्रशक्तीने चालणारं, रस्त्यावर वापरण्याजोगं वाहन. पेट्रोल की वीज, हा प्रश्नच नाही. सूट आहे ती केंद्रीय नियमांत. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचा दाखला असेल, तर ते मोटार वाहन नव्हे. म्हणजे नुसती मूठ पिळून पळणारी हलकी गाडीसुद्धा सुटते. पायडलवाली असेल, तर पाय थांबले की मोटर थांबली पाहिजे.

शाहूपुरी, सातारा: मग पाटी असली तरी बिनधास्त जायचं?

वाई: अजिबात नाही. ती सूट नोंदणी-लायसन्सपुरती. वनखात्याच्या वाटेवर कुणाला सोडायचं ते वनखातं ठरवणार, साधी सायकलही अडवेल. माथेरानला वाहनबंदी आहे. तिथे ई-रिक्षा विजेवर चालते म्हणून आपोआप सुटली नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली तेव्हा सुरू झाली. अमेरिकेत तर ई-सायकलींचे तीन वर्ग पाडलेत. पहिल्यात पाय मारले तरच मोटरची मदत, तीही ताशी २० मैलांपर्यंत. तरी तिथल्या वनखात्याने २०२२च्या सूचनांत तिन्ही वर्ग मोटार वाहनांतच धरले.

कराड: आणि मोटर बंद ठेवून पायडल मारत नेली तर?

वाई: बंदी वाहनाला आहे, मोटर चालू असण्याला नाही. बुलेट बंद करून ढकलत नेली म्हणून ती सायकल होते का?

कराड: मान्य. पण चूक पाटी लिहिणाऱ्याचीही आहे. सरकारी शब्द टाकला की वाचणारा पळवाट शोधणारच. सरळ लिहावं: ‘मोटर बसवलेली सायकलही नेऊ नये.’