रात्री दीडला अर्ज, एक चाळीसला नकार

अर्धविराम:
भाची सहा वर्षं अकाउंट्समध्ये आहे. चार महिने अर्ज करतेय, फोन एकही नाही. परवा रात्री दीडला अर्ज भरला आणि एक चाळीसला नकाराची मेल हजर. त्या वेळी कोण जागं असणार? मशीननंच उडवला. रेझ्युमे दिसायला देखणा आहे: डावीकडे निळा पट्टा, त्यात फोन आणि मेल, प्रत्येक कौशल्यापुढे पाच ठिपके. कोणी म्हणतं, जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत तळाशी चिकटव. कोणी म्हणतं, पैसे भरून 'एटीएस स्कोअर' (एटीएस म्हणजे कंपन्यांचं अर्ज हाताळणारं सॉफ्टवेअर) ८०च्या वर ने. घरात इंग्रजी बरं म्हणून हे काम मावशीच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडलंय. यातलं खरं किती?

जुनी_फाइल:
अकरा वर्षं भरतीत काढली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

ताई, दहा मिनिटांत आलेला नकार बहुतेक वेळा रेझ्युमेमुळे नसतो. फॉर्मच्या शेवटी प्रश्न असतात ना, अनुभव किती, रुजू कधी होणार, अमुक परवाना आहे का? त्यातल्या काहींवर 'हे उत्तर आलं की बाद' अशी खूण आम्हीच करून ठेवतो. मशीन तेवढंच पाळतं. तिनं तिथे काय भरलं, ते आधी विचारा.

रेझ्युमे मार खातो तो वेगळ्या जागी. सिस्टीम, म्हणजे ते एटीएस, त्यातला मजकूर उपसून आपल्या रकान्यांत भरते: नाव, कंपनी, पद, तारखा. दोन कॉलम असले की काही सिस्टीम सरळ आडवं वाचत जातात, मग पट्ट्यातला फोन नंबर शेजारच्या पदनामात घुसतो. वर्डच्या हेडरमधला मजकूर कधी कधी सुटूनच जातो. ठिपक्यांचं तर काहीच उरत नाही. (एक्सेल पाचापैकी चार म्हणजे नक्की काय, हे मला माणूस असूनही कळलेलं नाही.)

त्यानंतर मी शब्द टाकून शोधतो. मी 'रिकन्सिलिएशन' शोधलं आणि तिनं त्याच कामाला 'अकाउंट मॅचिंग' लिहिलं असेल, तर ती मला बहुधा दिसणारच नाही. जे काम खरंच केलंय, त्याला जाहिरातीतलाच शब्द वापरा.

पांढरी अक्षरं नकोच. उपसलेल्या मजकुरात रंग राहत नाही, सगळं काळंच दिसतं. एकाच्या रेझ्युमेत तळाशी आमचीच अख्खी जाहिरात निघाली होती, 'इच्छुकांनी त्वरित अर्ज करावा'सकट. हसलो आणि पुढचा उघडला. बाहेरच्या साइटचा स्कोअर आमच्यापर्यंत येत नाही, ते पैसे वाचवा.

फुकटातली परीक्षा: पीडीएफमधलं सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे गोंधळ दिसला तर सिस्टीममध्येही होण्याची शक्यता दाट.

अर्धविराम:
चिकटवून पाहिलं. नाव बाराव्या ओळीवर आलं! आणि 'सर्टिफाइड'मधली एफ आणि आय ही दोन अक्षरं गायब. 'वर्कफ्लो'मधली एफ आणि एलही. स्पेलिंग तर बरोबर होतं हो, मी स्वतः तपासलेलं.

खिळेजुळारी:
स्पेलिंगचा दोष नाही, जोडाक्षराचा आहे. काही फॉन्ट एफ आणि आय मिळून एकच आकृती छापतात. ती आकृती म्हणजे कोणती अक्षरं, याची नोंद पीडीएफमध्ये नीट नसेल तर कॉपी करताना ती गळते. डोळ्यांना कधीच कळत नाही. लेटेकमध्ये (कोड लिहून मजकूर मांडायचं सॉफ्टवेअर) रेझ्युमे करणाऱ्यांचं हे जुनं दुखणं. वर्डमध्ये साधा फॉन्ट, एकच कॉलम घेऊन पीडीएफ नव्यानं काढा. 'सर्टिफाइड' शोधणाऱ्याला सध्याची प्रत सापडणं कठीण.

अर्धविराम:
एकाच कॉलममध्ये नवीन प्रत काढली. निळा पट्टा गेल्यामुळे भाची रुसलीय.
जुनी_फाइल, त्या प्रश्नांचं विचारलं तिला. 'एकूण अनुभव'च्या चौकटीत आधीपासून शून्य होतं, ते तिनं तसंच ठेवलं. म्हणाली, "रेझ्युमेत लिहिलंय की सगळं." आतापर्यंतच्या किती अर्जांत असं केलंय ते विचारलं, तर उत्तरच देत नाहीये.